मार्सीवर दोनदा, शिखरावर एकदाही नाही : स्नोशूंच्या दोन जोड्या

बर्फात चालायला बुटाखाली बांधायच्या स्नोशूंचा निकाल आधी सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना इथूनच परत फिरता येईल. मीही दोनदा तेच केलंय.

पहिली जोडी : ऑनलाइन घेतलेली, 80 डॉलरची, सोबत काठ्या आणि पिशवी फुकट. पाचपैकी एक तारा, तोही पिशवीसाठी. दुसरी जोडी : एमएसआर लाइटनिंग असेंट, 25 इंची, लेक प्लॅसिड गावातल्या एका दुकानातून भाड्याने आणलेली. साडेचार तारे. दोन्ही जोड्या घालून मी एकाच डोंगरावर गेले, न्यूयॉर्क राज्यातल्या सगळ्यांत उंच माउंट मार्सीवर, तेही भर हिवाळ्यात. शिखर दोन्ही वेळा राहिलं. पहिल्यांदा जोडीमुळे राहिलं, दुसऱ्यांदा हवेमुळे. हवेवर माझा राग नाही.

पहिल्या जोडीचं नाव देत नाही, कारण देऊन उपयोग नाही. मी तक्रार लिहायला गेले तेव्हा ते नाव तिथून गायब झालं होतं आणि तेच फोटो, तीच पिशवी, तीच निळी पट्टी दुसऱ्याच नावाने विकायला होती. पुढच्या हिवाळ्यात तिसरं नाव असेल. ओळखायची खूण एवढीच, की किमतीपेक्षा सोबतच्या फुकट वस्तू जास्त असतात.

माझी माहिती थोडक्यात, कारण स्नोशूचं परीक्षण वाचताना लिहिणाऱ्याचं वजन माहीत असावं लागतं. मी मूळची नाशिकची, न्यू जर्सीतल्या एडिसनला येऊन 19 वर्षं झाली, हॉस्पिटलच्या फार्मसीत उभ्याची नोकरी. वय 51, वजन 64 किलो, पाठीवरची सॅक 9 किलो, डावा गुडघा कुरकुऱ्या. अकराव्या वर्षी बाबांबरोबर कळसूबाई केला आणि तेव्हापासून डोंगरांचं वेड लागलं ते लागलंच. मार्सीची उंची पहिल्यांदा वाचली तेव्हा मी हसलेच होते. 5,344 फूट, म्हणजे 1,629 मीटर. आपली कळसूबाई 1,646. आपल्या बाईपेक्षा 17 मीटर बुटका! ट्रॉयला इंजिनीअरिंग शिकणाऱ्या भाच्याला फोन करून म्हटलं, अरे, हा तर आपल्या घरचाच डोंगर आहे, बारी गावातून चढल्यासारखं चढू. तो म्हणाला, "मावशी, उंची नको बघूस. अक्षांश बघ."

अक्षांश 44 उत्तर. पायथ्याच्या गाडीतळापासून शिखर 7.4 मैल, म्हणजे जाऊन-येऊन जवळपास 24 किलोमीटर, आणि हे सगळं बर्फात. फेब्रुवारीच्या मध्यावर तिथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सव्वापाच-साडेपाचला मावळतो. वर वाऱ्यात टपरी नाही, लिंबू सरबत नाही, देवीचं देऊळ नाही.

स्नोशू मुळात लागतात कशाला, हे न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला मला तिघींनी विचारलं, म्हणून इथे एकदाच सांगते. पायात सूप बांधायचं. धान्य पाखडायचं सूप. वजन मोठ्या जागेवर पसरतं आणि भुसभुशीत बर्फात पाय मांडीपर्यंत रुतत नाही. पूर्वी लाकडी चौकटीवर कातड्याच्या वाद्या विणलेल्या असायच्या, आता ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिक. मार्सी ज्या भागात येतो त्या हाय पीक्सच्या रानात 8 इंच किंवा जास्त बर्फ असेल तर स्नोशू किंवा स्की घालणं हा नियमच आहे. सॅकला लटकवून चालत नाही, पायातच हवेत. कारण आपण नुसत्या बुटांनी खड्डे पाडत गेलो, की रात्री ते खड्डे दगडासारखे गोठतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटेवरून स्कीवर सुसाट उतरणाऱ्याचा पाय मोडतो.

आणि एक, जे मला कुठल्याच परीक्षणात वाचायला मिळालं नाही : सपाट माळावर फिरायचे स्नोशू आणि डोंगर चढायचे स्नोशू या दोन वेगळ्या वस्तू आहेत. फोटोत सारख्या दिसतात. चढावर तरंगण्यापेक्षा दात महत्त्वाचे, आणि दातांपेक्षाही पट्टा. हे मला दोन हिवाळ्यांनी शिकवलं.

पहिला हिवाळा. जानेवारीचा शेवटचा शनिवार. एडिसनहून शुक्रवारी दुपारी निघाले, ट्रॉयला भाच्याला उचललं, नॉर्थवे महामार्गावरून एक्झिट 30 ला उतरून कीन व्हॅलीतून रात्री पोचलो. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला गाडीतळावर. तिथल्या लॉजच्या पाटीवर 'ॲडिरॉन्डॅक' आणि 'लॉज' ही दोन्ही नावं चुकीच्या इंग्रजीत लिहिलेली आहेत. मला वाटलं रंगाऱ्याची चूक. तर तसं नाही. ग्रंथालयांत पुस्तकांना आकडे देणारी दशांश पद्धत ज्याने काढली त्या मेल्विल ड्यूईला इंग्रजीचं शुद्धलेखन सोपं करायचा ध्यास होता, आणि लेक प्लॅसिडमध्ये त्याचा मोठा क्लब होता. उच्चार तसं स्पेलिंग, हे त्याचं म्हणणं. ऱ्हस्व-दीर्घावरून आपल्याकडे होणारी भांडणं आठवून मला त्या पाटीबद्दल एकदम माया वाटली. तापमान उणे 23 होतं, त्यामुळे माया फार वेळ टिकली नाही.

पहिले सव्वादोन मैल मार्सी डॅमपर्यंत सोपे आहेत. 2011 च्या ऑगस्टमध्ये आयरीन वादळाने तिथला पूल वाहून नेला आणि धरणामागचं तळं रिकामं झालं. आता जरा खालच्या बाजूला नवा पूल आहे. इथपर्यंत माझी 80 डॉलरची जोडी छान चालली. मी तर भाच्याला ऐकवलंही, की उगाच महागाच्या मागे लागता तुम्ही पोरं. तो काही बोलला नाही. त्याने स्वतःच्या काठीने माझ्या टाचेचा पट्टा हलकेच टोकून बघितला, एवढंच.

डॅमनंतर चढ लागतो आणि या जोडीची पहिली खोड कळली. चौकट गोल नळीची. नळीला धार नसते. सरळ चढताना पंज्याखालचे दात धरतात, पण वाट उताराला आडवी गेली की गोल नळी साबणाच्या वडीसारखी खाली सरकते. प्रत्येक पावलाला घोटा वाकडा. दुसरी खोड : टाचेखाली उचलायची तार नाही. (ही तार काय भानगड आहे ते पुढे सांगते.) पोटऱ्या भरून आल्या. तरी पावणेदहाला इंडियन फॉल्सला पोचलो, गाडीतळापासून 4.4 मैल. धबधबा अर्थात गोठलेला. त्याच्या सपाट माथ्यावरून समोर मॅकिंटायर रांग दिसते, अल्गॉन्क्विन शिखराचा पांढरा घुमट आणि शेजारी राइट शिखर. त्या दिवशी आभाळ इतकं स्वच्छ होतं की मी हातमोजा काढून फोटो घेतला आणि पुढची दहा मिनिटं बोटं काखेत धरून चालले.

फॉल्सच्या वर अर्धा मैल गेलो असू. पट्टा सैल वाटला म्हणून खाली वाकून आवळायला गेले. या जोडीचा पट्टा खटक्याचा होता, म्हणजे प्लॅस्टिकची दातेरी पट्टी एका कुलपासारख्या तुकड्यातून कटकट करत आत सरकते. घरी हॉलमध्ये गालिच्यावर बसून बांधताना किती छान वाटलं होतं. इथे मी ओढलं आणि तो तुकडा काडीपेटीची काडी मोडावी तसा मोडला. एक छोटा, कोरडा आवाज. हातात निळ्या प्लॅस्टिकचा अर्धा चंद्र. स्वस्त प्लॅस्टिक थंडीत ठिसूळ होतं हे फार्मसीत फ्रीझरजवळ काम करणाऱ्या बाईला माहीत असायला हवं होतं. माहीत होतंच. पण ते माझ्या पायाशी जोडून पाहिलं नव्हतं.

भाच्याने सॅकमधून एक रबरी पट्टा काढला, स्की एकत्र बांधायला वापरतात तसला, आणि माझा बूट त्या सुपाला करकचून बांधला. म्हणाला, "खाली जाण्यापुरतं चालेल. वर नाही." हवा उत्तम, वेळ हातात, पाय ठीक, आणि आम्ही वळलो. जवळपास पाच मैल परत. दर पंधरा मिनिटांनी तो पट्टा घसरायचा आणि एक पाय सुपात, दुसरा मांडीपर्यंत बर्फात, असं माझं ध्यान व्हायचं. वर जाणारी माणसं भेटत होती. सगळी हसून विचारत होती, शिखर झालं का एवढ्या लवकर?

त्या दिवशी गाडीत मी भाच्याशी फार बोलले नाही. त्याचं ते पट्टा टोकून बघणं आठवत होतं.

दुसरा हिवाळा. फेब्रुवारीचा दुसरा शनिवार. या खेपेला मी आधी गुडघ्यासाठी तीन महिने जिने चढले, आणि जोडी भाड्याने घ्यायची ठरवली. दुकानाबद्दल दोन शब्द. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला तो वजनाचा, आणि मी 64 म्हटल्यावर, "सॅक धरून?" हा खरा प्रश्न. स्नोशूचा आकार तुमच्या वजनावर नाही, बूट, कपडे, पाणी, सॅक या सगळ्या बोज्यावर ठरतो. ताजं बर्फ पडणार होतं म्हणून त्याने 22 ऐवजी 25 इंची दिली. स्वतःचे बूट घेऊन या असं फोनवरच बजावलं होतं आणि दुकानात मला हातमोजे घालून तीनदा पट्टे बांधायला-सोडायला लावले. त्याचे पूर्ण गुण. पण दुकान पाचला बंद. आम्ही डोंगरातून बाहेर पडलो पावणेसहाला, त्यामुळे रविवारी सकाळी परत केली आणि दुसऱ्या दिवसाचेही 28 डॉलर घेतले. अहो, मार्सीला जाणारा माणूस पाचच्या आत परत कसा येईल? दारात एक पेटी ठेवा, माणसं टाकून जातील. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, सगळे हेच सांगतात.

आता जोडी. लाइटनिंग असेंटची चौकट नळीची नाही. ॲल्युमिनियमची उभी पट्टी आहे आणि तिची खालची कड सगळीकडून करवतीसारखी दातेरी. म्हणजे पंजा, टाच, डावी बाजू, उजवी बाजू, कुठेही वजन टाका, दात बर्फात जातात. उताराला आडवं चालताना पहिल्या जोडीबरोबरचा फरक मला दहाव्या पावलाला कळला. पाय जिथे ठेवला तिथेच राहिला. इतकं साधं सुख.

पट्ट्यात खटका-बिटका काही नाही. रबरासारखी लवचिक पट्टी, तिला भोकं, आणि भोक अडकवायला बोंडासारखी खुंटी. लहानपणीच्या पावसाळी सँडलची आठवण व्हावी इतकं साधं. मोडायला त्यात काही नाहीच.

आणि ती तार. टाचेखाली एक जाड तार आडवी झोपलेली असते. चढ उभा झाला की काठीच्या टोकाने ती उभी करायची. टाच तिच्यावर टेकते, म्हणजे उंच टाचेची चप्पल घातल्यासारखं. डोंगर तिरका, पण पाऊल सपाट. पोटऱ्यांचं अर्धं काम ती तार करते. मार्सी डॅमच्या वर मी ती उचलली आणि मनातल्या मनात गेल्या वर्षीच्या स्वतःला दोन शिव्या घातल्या. फक्त एक लक्षात ठेवा. उतरताना ती खाली पाडायची असते. मी एकदा विसरले. टाच उंच आणि डोंगर खाली, मी तोंडावर आपटले, आणि भाच्याचा रूममेट, जो केरळचा आहे आणि ज्याने बर्फ आयुष्यात दुसऱ्यांदा पाहिला होता, तो मला उचलायला आला आणि माझ्यावरच पडला. हा दोष जोडीच्या खात्यात धरत नाही.

दुकानदाराचा अंदाज बरोबर होता. रात्रीतून फूटभर पडलं होतं आणि पहाटे पाचला आमच्यापुढे एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. अशा वेळी पुढचा माणूस वाट तुडवतो, मागचे त्याच्या वाटेवर चालतात. आम्ही तिघं दर दहा मिनिटांनी पाळी बदलत होतो. बर्फ कोरडं, रव्यासारखं. 25 इंचीवर मी घोट्याच्या जरा वर रुतत होते, रूममेट माझ्यापेक्षा 20 किलो जड आणि तेवढ्याच इंचांवर, तो गुडघ्यापर्यंत. अशांसाठी मागे जोडायची शेपटी वेगळी विकत मिळते, पाच इंचांनी लांबी वाढते. त्याने घेतली नव्हती. पुढच्या खेपेला घेईल.

इंडियन फॉल्स यायला साडेदहा झाले. अल्गॉन्क्विन या वेळी दिसलाच नाही. गेल्या वर्षी जिथे पट्टा मोडला तिथे थांबून मी खाली बघितलं, पण निळा तुकडा अर्थात सापडला नाही.

त्याच्याही वर, झाडं जिथे माणसाच्या उंचीची होतात तिथे, मला आडोशाला जायची वेळ आली. बायकांनो, हा विषय कोणी लिहीत नाही, पण सहा तास थर्मासचा चहा पिऊन चाललात तर ही वेळ येणारच. पोरांना म्हटलं, पुढे बघा, आणि वाटेच्या उजवीकडे चार पावलं गेले. तीन पावलं ठीक. चौथ्याला जमीन गेली.

स्प्रूसचं झाड बर्फात गाडलं जातं तेव्हा त्याच्या फांद्यांखाली बर्फ नीट बसत नाही, खोडाभोवती पोकळी राहते. वरून सगळं सपाट, गुळगुळीत, जणू साय धरलीय. पाय पडला की साय फाटते. इथली माणसं याला स्प्रूसचा सापळाच म्हणतात. मी उजव्या पायाने कमरेपर्यंत आत गेले, डावा पाय वरच दुमडलेला. (काम व्हायच्या आधी गेले, हे नशीब.) पाय वर ओढला तर येईना. आत स्नोशूचं नाक एका फांदीखाली आकड्यासारखं अडकलं होतं, आणि जितकं ओढावं तितका फास घट्ट. हाक मारली तर वारा असा की पोरांना ऐकू जाईना.

तेव्हा मी आडवी झाले. पोट बर्फावर, डोकं जवळजवळ भोकाच्या तोंडाशी, आणि उजवा हात खांद्यापर्यंत आत. काही दिसत नाही. जाड मोज्यातून नुसतं चाचपडणं. फांदी, बर्फ, बुटाची नाडी, परत फांदी. मग खुंटी लागली. पट्टीचं टोक चिमटीत येईना, म्हणून अख्ख्या मुठीने धरून बाहेरच्या बाजूला ताणलं, आणि भोक खुंटीवरून टप्पकन निसटलं. मग दुसरं. मग टाचेचं, ते जरा छळलं. बूट मोकळा झाला आणि मी पाय वर घेतला. नंतर काठीने फांद्या बाजूला करून सूपही काढलं. मोजा एकदाही काढावा लागला नाही. तापमान तेव्हा उणे 19 होतं, ओल्या उघड्या बोटांनी तिथे काय झालं असतं ते फार्मसीवाल्या बाईला नका विचारू.

गेल्या वर्षीचा खटका असता तर? आत बर्फ भरून गोठलेली ती कळ एका बोटाच्या नखाने दाबायची, तीही उलटी लटकून. साडेचारातले दोन तारे या एका पट्ट्याचे आहेत.

पोरं आली तोवर मी बाहेर बसून बर्फ झटकत होते. भाचा म्हणाला, "मावशी, केवढा वेळ!" मी म्हटलं, तुला नाही कळायचं.

झाडं संपली तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं. आमची परत फिरायची वेळ पक्की होती, एक वाजता, कुठेही असलो तरी. झाडांच्या वर वाट म्हणजे कातळ, आणि दगडांच्या रचलेल्या ढिगाऱ्यांवरून पुढची दिशा काढायची. वारा ताशी 40-50 किलोमीटर असावा. उणे 20 ला एवढा वारा म्हणजे अंगाला उणे 35 च. इथे बर्फ भुसभुशीत नव्हतं, वाऱ्याने घासून चकचकीत केलेलं, कुठे कुठे नुसता बर्फाचा काचेसारखा थर. करवतीचे दात त्यावर धरत होते. सॅकमध्ये क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाला बांधायचे धातूचे काटे, होते, ते काढावे लागले नाहीत. पण एका ठिकाणी निव्वळ काच लागली, तिथे धातू किंचाळला आणि माझ्या पोटात गोळा आला. तसला भाग लांबवर असता तर मी स्नोशू काढून क्रॅम्पॉनच चढवले असते. स्नोशू म्हणजे क्रॅम्पॉन नव्हे, जाहिरातीत काहीही म्हणोत.

आवाजाचं राहिलंच. कडक बर्फावर धातूची चौकट जबरदस्त खडखडते, भांड्यांचं कपाट पायाला बांधल्यासारखी. हे त्या एका कंपनीचं नाही, पट्टीच्या चौकटीची सगळी जातच बोलकी. मला त्रास झाला नाही. गप्पा मारत चालणाऱ्यांना होईल. अर्धा तारा तिथे आणि किमतीत गेला.

एका ढिगाऱ्यापासून दुसरा दिसायचा. मग अर्धवट दिसायला लागला. मग आम्ही एका ढिगाऱ्यापाशी उभे राहिलो आणि पुढे काहीच नव्हतं. पांढरं आभाळ, पांढरी जमीन, मधली रेघ पुसलेली. माझ्या घड्याळातला उंचीमापक 5,130 दाखवत होता. राहिले 214 फूट. 1901 च्या सप्टेंबरमध्ये याच डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, हडसन नदीचा सगळ्यांत उंचावरचा उगम मानतात त्या लेक टिअर ऑफ द क्लाउड्सपाशी, थिओडोर रूझवेल्ट डबा खात बसले होते, तेव्हा एक वाटाड्या धावत वर आला, राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली शेवटच्या घटका मोजतायत हे सांगायला. मला ते तळं वरून बघायचं होतं. शिखराच्या पलीकडे, खाली, कुठेतरी. मी तिकडे बघितलं. पांढरं.

"एक वाजायला आठ," भाचा म्हणाला.

रूममेट म्हणाला, अजून आठ मिनिटं आहेत की. आम्ही दोघांनी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "ओके, ओके."

उतरणीत ही जोडी चढणीपेक्षा चांगली आहे. टाचेखालीही दात असल्याने टाच रोवत सरळ उतरता येतं. तार पाडलेली असली तर. स्कीवाले मागून आले की बाजूला व्हायचं, पण दोन पावलांपेक्षा जास्त नाही, का ते आता तुम्हाला माहीत आहे. माझा डावा गुडघा मार्सी डॅमला बोलायला लागला आणि गाडीतळापर्यंत बोलतच राहिला. गाडीत सॅकच्या तळाशी मेथीचे ठेपले होते, पायाला गुंडाळायच्या फडक्यात बांधलेले, दगड झालेले. हीटरच्या जाळीवर ठेवून मऊ केले. रूममेटने चार खाल्ले आणि त्याचं पीठ कुठे मिळतं ते विचारलं.

घ्यायची असेल तर : नवी जोडी 300 डॉलरच्या वर जाते. वर्षात एकदाच सेंट्रल पार्कात बर्फ बघायला जाणार असाल तर नका घेऊ. डोंगरावर पहिल्यांदा जाणार असाल तर भाड्याने घ्या, आणि दुकानात हातमोजे घालून, डोळे मिटून, पट्टा सोडून बघा. न सुटल्यास दुसरी मागा. पाण्याची बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा, पाणी वरून गोठतं, मग बूच तरी उघडतं. आणि एक रबरी पट्टा जवळ असू द्या, जोडी कुठलीही असो.

मी मार्चच्या अखेरीला, सीझन संपताना, सवलतीत 25 इंचीच घेतली. ती गॅरेजमध्ये खिळ्याला आहे. पहिली जोडीही फेकली नव्हती, ती दिसेनाशी झाली म्हणून मी ह्यांना विचारलं. ते मला मागच्या अंगणात घेऊन गेले. दोन्ही सुपं जमिनीत उभी पुरून, वरून सुतळीने जोडून त्यांनी कारल्याचा वेल चढवला होता. गोल नळीवर वेल छान धरतो म्हणाले. या सप्टेंबरपर्यंत बावीस कारली निघाली.